हल आणि डेक यांच्या जोडातील गळती कशी शोधावी?

प्रश्न (मांडवा)
आमच्या जुन्या फायबरच्या शिडाच्या बोटीत, वारा डावीकडून घेऊन जाताना ती उजवीकडे झुकली, की त्या बाजूच्या कपाटात पाणी साचते आणि हल (बोटीचे खालचे कवच) व डेक (वरचा भाग) यांच्या जोडाच्या नटांखाली तांबूस ओघळ दिसतात. आधीच्या मालकाने बाहेरून सिलिकॉन फासलेले आहे. पावसाळ्यासाठी बोट किनाऱ्यावर ओढल्यावर संपूर्ण जोड उघडावा काय?

उत्तर (रत्नागिरी)
एवढ्यात उघडू नये. हल आणि डेक वेगवेगळ्या साच्यांतून निघतात. हलच्या आत वळलेल्या काठावर डेक बसवून मध्ये सिलंट (फट बुजवणारा चिकट लगदा) भरतात आणि बोल्ट आवळतात. शिरलेले पाणी या काठावरून वाहत भलतीकडेच टपकते, म्हणून ओल दिसते तेथेच छिद्र आहे असे धरू नये. केवळ झुकल्यावर पाणी येते म्हणजे दोष जोडाचाच, असेही नाही, कारण त्या वेळी कठड्याच्या खांबांच्या बैठकाही पाण्याखाली जातात. कपाट रिकामे करून आतला जोड पुसावा, त्यावर खडूची पूड लावावी, एकाने टॉर्च घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने नळीने हलक्या दाबाचे पाणी खालून वर, थोडे थोडे सरकत सोडावे. वरून सुरुवात केल्यास सगळेच ओले होते आणि काही कळत नाही.

उत्तर (मालवण)
ओघळ असलेला एक बोल्ट तरी काढून पाहावा. स्टेनलेस स्टील साचलेल्या खाऱ्या पाण्यात, हवा न लागता, आतून खाल्ले जाते. डोके मात्र चकचकीत राहते. मान बारीक झाली असेल, तर ३१६ प्रतीचा (खाऱ्या पाण्यात अधिक टिकणाऱ्या स्टेनलेस स्टीलचा) बोल्ट घालावा. आवळताना डोके धरून केवळ नट फिरवावा, नाहीतर डोक्याखालचे सिलंट तुटते. जुने सिलिकॉन पूर्ण खरवडणे भाग आहे. त्यावर दुसरे काहीही धरत नाही.

प्रश्नकर्ता
पाणी ओघळांपासून बरेच पुढे, नाळेकडच्या (बोटीच्या पुढच्या टोकाकडच्या) खांबाच्या बैठकीतून शिरते. तेथे डेकमध्ये बाल्सा या हलक्या लाकडाचा गाभा आहे.

उत्तर (रत्नागिरी)
मग जोड राहू द्यावा, गंजके बोल्ट तेवढे बदलावेत. बैठक काढून ओला, मऊ झालेला गाभा कोरावा, उरलेला पूर्ण वाळू द्यावा, पोकळीत घट्ट केलेले इपॉक्सी (कडक होणारी राळ) भरावे आणि ते कडक झाल्यावरच नवीन छिद्र पाडावे, म्हणजे पुढे सिलंट सुटले तरी पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही. हे काम मे महिन्यातच उरकावे. जूनच्या दमट हवेत बाल्सा वाळत नाही.