अमेरिकेतील मुलींच्या सरकारी शाळा आणि महाविद्यालयप्रवेश

जिज्ञासा: न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेम भागात १९९६ साली केवळ मुलींसाठी यंग विमेन्स लीडरशिप स्कूल ही विनाशुल्क सरकारी शाळा सुरू झाली; पुढे डॅलस, ऑस्टिन येथेही अशा शाळा निघाल्या. अल्प उत्पन्न गटातील मुली तेथून महाविद्यालयात जातात, याचे श्रेय मुलींच्या स्वतंत्र शाळेला द्यावे की अन्य कशाला?

पांथस्थ: मोठे श्रेय समुपदेशकाचे. संस्थापक अ‍ॅन टिश यांनी ईस्ट हार्लेमच्या शाळेत महाविद्यालयप्रवेशासाठी पूर्णवेळ समुपदेशक ठेवला आणि २००१ पासून हीच व्यवस्था मुलामुलींच्या एकत्र शाळांतही नेली. एरवी तेथील सरकारी शाळांत एकेका समुपदेशकाच्या वाट्याला शेकडो विद्यार्थी येतात. ज्या घरातून आजवर कोणी महाविद्यालयात गेलेले नाही, तेथे गाडी अडते ती बहुधा कागदपत्रांपाशी. आर्थिक साहाय्यासाठीच्या ‘फाफ्सा’ या केंद्रीय अर्जात पालकांच्या प्राप्तिकराचा तपशील द्यावा लागतो, त्यावाचून पेल ग्रँट हे गरजू विद्यार्थ्यांसाठीचे, परत न करावयाचे केंद्रीय अनुदान मिळत नाही, आणि नंतर महाविद्यालयाकडून येणाऱ्या साहाय्यपत्रात अनुदान व फेडावयाचे कर्ज कित्येकदा एकाखाली एक मांडून एकच बेरीज दाखवलेली असते. त्या बेरजेतून कर्ज वजा करून दाखवणारे माणूस शाळेत हवे. प्रवेश मिळूनही काही विद्यार्थी सुट्टीत एखादा अर्ज किंवा शुल्काची मुदत हुकल्याने वर्गापर्यंत पोहोचतच नाहीत, ते वेगळेच.

नीरक्षीर: सहमत. ‘सायन्स’ नियतकालिकातील २०११ च्या बहुचर्चित लेखातही, केवळ मुलामुलींना वेगळे बसवल्याने गुणवत्ता वाढते याला भक्कम पुरावा नाही, असेच म्हटले होते. शिवाय अशी शाळा आवर्जून निवडणारे पालक मुळातच अधिक जागरूक असण्याचा संभव आहे. तथापि मुलींच्या शाळेला निरर्थक म्हणणेही उतावीळपणाचे ठरेल. बाल्टिमोरचे मुलींचे वेस्टर्न हायस्कूल १८४४ पासून टिकून आहे, आणि प्रयोगशाळेत उपकरण हाताळणारी व नोंदी लिहून घेणारी या दोन्ही मुलीच असतात, हा फरक परीक्षेच्या गुणांत दिसेलच असे नाही.

जिज्ञासा: मग प्रत्येक सरकारी शाळेत असा समुपदेशक का नेमत नाहीत?

पांथस्थ: पगारामुळे. ईस्ट हार्लेमच्या शाळेमागे देणग्या उभारणारी स्वतंत्र संस्था आहे. सर्वसाधारण शाळेला मात्र अंदाजपत्रकात समुपदेशक आणि विषयशिक्षक यांतून एकाची निवड करावी लागते.