पहिला वायरलेस इन-इअर सेट: आधी घ्यायचा की सगळ्यात शेवटी? (खान्देशातले ऑर्केस्ट्रा आणि बँडवाले, मत द्या)

ढोलक_चाळीसगाव (धागाकर्ता)

लग्नसराई आटोपली की ऑर्केस्ट्रांमध्ये खरेदीचा विषय निघतो, आणि हल्ली पहिलं नाव कानातल्या वायरलेस मॉनिटरचं (इन-इअर, म्हणजे स्टेजवरच्याला स्वतःचा आणि साथीचा आवाज कानात देणारा सेट) असतं. माझं मत स्पष्ट आहे: पहिला पैसा वायरलेसवर घालू नका.

आधी मिक्सर बघा. जितकी वेगळी मिक्स (प्रत्येकाच्या कानातलं आवाजांचं मिश्रण), तितके ऑक्स (मिक्सरमधून आवाज बाहेर काढायच्या वेगळ्या वाटा) लागतात आणि ते प्री-फेडर लागतात, म्हणजे फेडरच्या (मुख्य आवाजाच्या सरकपट्टीच्या) आधी निघणारे. छोट्या अ‍ॅनालॉग मिक्सरवर दुसरा ऑक्स बऱ्याचदा इफेक्टसाठी ठेवलेला पोस्ट-फेडर असतो. ओळखायचं कसं? गायकाचा फेडर पूर्ण खाली ओढा. कानातला आवाज तसाच राहिला तर प्री, गेला तर पोस्ट. पोस्टवर इन-इअर चालवलं तर साउंडवाल्याने बाहेरचा आवाज जरा कमी केला की गायकाला स्वतःचाच आवाज ऐकू येईनासा होतो.

मग इअरफोन. मोबाइलसोबत मिळणारे कानात घट्ट बसत नाहीत. बाहेरचा ऑक्टापॅड (काठीने वाजवायचा इलेक्ट्रॉनिक तालाचा पॅड) आत येतो, तो दाबायला माणूस आवाज वाढवतो, आणि महिनाभरात कान वाजायला लागतात. इअरफोन घातल्यावर बोटाने हलका आत दाबून बघा. दाबल्यावर बास (खालचा जाड आवाज) वाढला तर टिप (कानात बसणारी टोपी) लहान आहे. मोठी टिप लावा, नाहीतर फोमची.

तिसरी पायरी वायरचा बेल्टपॅक, म्हणजे कमरेला लावायचा इअरफोनचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर. बेहरिंगर पी२ सारखा डबा, त्यात दोन एएए सेल, मिक्सरच्या ऑक्समधून एक्सएलआर (माइकची तीन पिनांची) केबल. कीबोर्ड, ऑक्टापॅड, ढोलक, बास गिटार हे सगळे जागेवरच असतात. त्यांना वायरलेस कशाला? एका चांगल्या वायरलेस सेटच्या पैशांत तिघांचे असे डबे येतात. वायर काढायची ती फक्त फिरणाऱ्याची.

---

सूर_अमळनेर

ढोलकभाऊ, हिशेब बरोबर, पण तो बसणाऱ्याच्या बाजूने मांडलाय. स्टेजवर सगळ्यात जास्त त्रास कोणाला? गायकाला. हळदीच्या कार्यक्रमात गायक माइक घेऊन खाली मांडवात उतरतो, समोर मुख्य स्पीकर येतो आणि मागून स्टेजचा आवाज उशिरा पोचतो. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. १५ मीटर पुढे गेलं की मागचा ठेका चाळीसेक मिलिसेकंद मागे पडतो. तिथे ताल सुटतो, आणि दोष गायकाच्या माथी येतो.

म्हणून पहिली खरेदी वायरलेसचीच, गायकासाठी. एक्सवाइव्ह यू४ सारखा २.४ गिगाहर्ट्झचा सेट पुरतो. ट्रान्समीटर थेट मिक्सरच्या ऑक्स आउटला, रिसीव्हर कमरेला. उशीर ५ मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे दोन मीटरवरच्या स्टेज मॉनिटरपेक्षाही (वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेल्या स्पीकरपेक्षाही) कमी.

फक्त कोणी ब्लूटूथचे इअरबड घेऊन स्टेजवर चढू नका. साधं ब्लूटूथ १००–२०० मिलिसेकंद मागे असतं. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा आणि त्याचा पाव १२५ चा. म्हणजे केरव्यात तुम्ही जवळजवळ पाव ठोका मागे गाताय.

---

साउंड_धुळे

२.४ बद्दल माझा विरोध आहे. मांडवात हजार माणसं म्हणजे हजार मोबाइल, त्यात कोणाचा हॉटस्पॉट, कोणाचं ब्लूटूथ. वर फोटोग्राफरच्या वायरलेस वस्तू. हे सगळं त्याच फ्रिक्वेन्सीच्या पट्टीत. शिवाय २.४ ची लहर माणसाच्या अंगात शोषली जाते. गायक गर्दीत उतरला की रिसीव्हर आणि ट्रान्समीटरच्या मध्ये माणसांची भिंत उभी राहते. डिजिटल सेट खरखरत नाही, एकदम गप्प होतो. गायक ऐन अंतऱ्यात आणि कान बंद.

पैसे जमवा आणि यूएचएफ (२.४ गिगाहर्ट्झच्या खालच्या, मेगाहर्ट्झमधल्या पट्टीचा सेट) घ्या. शुअर पीएसएम३०० किंवा सेनहायझर एक्सएसडब्ल्यू आयईएम हे त्या वर्गातले सुरुवातीचे सेट. दोन्ही स्टिरिओ आहेत, यू४ मोनो आहे. दोन्हींत एए चे दोन सेल लागतात. दोंडाईचात रात्री नऊला सेल उतरले तर किराणा दुकानात मिळतात. यू४ ची आतली बॅटरी पाचेक तासांची. सहाला साउंडचेक, अकराला शेवटचं गाणं, मग काय करणार?

एक सावधगिरी: परदेशातून आलेले जुने सेट घेताना पट्टी वाचा. अमेरिकेत ७०० मेगाहर्ट्झची पट्टी वायरलेस माइकला २०१० मध्येच बंद झाली, म्हणून तिथला जुना माल स्वस्तात बाहेर पडतो. आपल्याकडे त्या पट्टीत मोबाइलचं ५जी चालतं. टॉवरजवळच्या मांडवात तो सेट टिकणार नाही.

---

सूर_अमळनेर

साउंडदादा, अर्ध्या तक्रारीचं मूळ तुमच्याच रॅकमध्ये असतं, रागावू नका. एक्सआर१८ सारख्या टॅबलेटवरच्या मिक्सरचं आतलं वायफाय २.४ चंच आहे. त्याच्याच शेजारी इन-इअरचा ट्रान्समीटर खुपसला की दोघं भांडणारच. मिक्सरचं आतलं वायफाय बंद करा, इथरनेटने बाहेरचा राउटर जोडा आणि तो फक्त ५ गिगाहर्ट्झवर ठेवा. ट्रान्समीटर रॅकमधून काढून छोट्या केबलने स्टेजच्या कडेला, माणसाच्या डोक्याच्या वर, स्टँडला बांधा. एलईडी वॉलच्या मागे तर कधीच नको. एवढं केलं तर दहा-बारा मीटरच्या स्टेजवर २.४ नीट चालतं.

---

साउंड_धुळे

एक्सआर१८ चं मान्य, ते खरंच बरेच जण विसरतात. स्टँडचंही मान्य. पण तुम्ही स्टेजचं उत्तर दिलं, मांडवात उतरण्याचं नाही, आणि पहिल्या प्रतिसादात तुमचा सगळा जोर त्यावरच होता.

आणि यूएचएफवाल्यांचीही एक नेहमीची चूक सांगतो. इन-इअरचा ट्रान्समीटर आणि माइकचे रिसीव्हर एकावर एक रचतात. एक ओरडतोय, दुसरा कान देऊन ऐकतोय, आणि दोघांना एकाच खोलीत कोंडलंय. माइकची रेंज पडते आणि शिव्या माइकला. दोघांत निदान दोन मीटर अंतर ठेवा. सगळे माइक चालू करून मगच मोकळी फ्रिक्वेन्सी शोधा, आधी नाही.

---

बँडगाडी_शिरपूर

हाई गोट कोणीच काढी नही: वरातीच्या गाडीवर काय? गाडीवर कीबोर्ड, पॅड, गायक, सगळे आठ-दहा फुटांत. चारी बाजूंना स्पीकर, खाली जनरेटर. तिथे मॉनिटर ठेवायला जागाच नाही, ठेवला तर माइक-स्पीकरची शिट्टी. मी ढोलकभाऊंच्या बाजूचा. गाडीवर वायरचाच डबा. तो सेलवर चालतो, दुसऱ्या अर्थिंगला जोडलेला नसतो, म्हणून जनरेटरची गुणगुण त्याच्यातून वेगळी येत नाही.

केबल शर्टाच्या आतून पाठीवरून खाली आणा आणि बेल्टला एक वळसा द्या. ओढ बसली तर बेल्टला बसेल, जॅकला नाही. डब्याचा ३.५ चा जॅक पहिला मरतो.

मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो. बॅटरी आत असलेला सेट बंद गाडीच्या काचेखाली ठेवू नका, लिथियमची बॅटरी उन्हाने लवकर म्हातारी होते. इअरफोनच्या तोंडाची जाळी घामाने आणि मळाने बुजते. एक कान बारीक वाटला की माणूस सेटला दोष देतो. आधी टिप काढून जाळी बघा, कोरड्या मऊ ब्रशने, तोंड खाली धरून झाडा. डबीत सिलिकाची पुडी ठेवा.

---

जुना_मॉनिटर_नंदुरबार

मला हे सगळंच घाईचं वाटतं. ऑर्केस्ट्रा म्हणजे एकमेकांकडे बघून, एकमेकांना ऐकून वाजवणं. कान बुजले की टाळ्या ऐकू येत नाहीत, निवेदक काय म्हणाला कळत नाही, ढोलकवाल्याने हाताने इशारा केला तरच समजतं. मग लोक काय करतात? एक कान काढतात. तो सगळ्यात वाईट प्रकार. एका कानात ऐकू येईना म्हणून आवाज वाढवतात, आणि दुसऱ्या कानावर उघडा स्पीकर आदळतो.

चांगला १२ इंची मॉनिटर, नीट कोनात, इक्वलायझरने शिट्टीच्या दोन-तीन फ्रिक्वेन्सी कापलेल्या. एवढ्यावर वर्षानुवर्षं कार्यक्रम झालेत.

---

ढोलक_चाळीसगाव

दादा, टाळ्यांचा मुद्दा खरा, पण त्यावर उपाय आहे. स्टेजच्या कडेला एक माइक प्रेक्षकांकडे तोंड करून लावा, १५०–२०० हर्ट्झखालचं कापा आणि तो फक्त कानातल्या मिक्समध्ये थोडा सोडा, मुख्य स्पीकरला अजिबात नको. दोन गाण्यांच्या मध्ये वाढवायचा, गाण्यात उतरवायचा. निवेदकाचा माइक सगळ्यांच्या कानात हवाच.

मॉनिटरवर माझा आक्षेप कानांचा आहे. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. ऑक्टापॅडच्या शेजारी मॉनिटर लावून चार तास गाणं म्हणजे काय, ते तुम्हीच मोजा.

पण इन-इअर आपोआप सुरक्षित होत नाही, हेही तितकंच खरं. डिजिटल मिक्सर असेल तर प्रत्येक ऑक्सवर लिमिटर (ठरलेल्या पातळीच्या वर आवाज जाऊ न देणारा) लावल्याशिवाय कोणाच्या कानात काही देऊ नका. चालू माइकची केबल उपटली की होणारा फटाका थेट कानाच्या पडद्यावर बसतो. रिसीव्हर चालू करताना इअरफोन हातात, आवाज शून्यावर. मग कानात.

---

सूर_अमळनेर

लिमिटरला शंभर टक्के पाठिंबा. गायकांसाठी एक भर: इन-इअर पहिल्यांदा घातल्यावर स्वतःचा आवाज पोकळ, डब्यातून आल्यासारखा वाटतो. आपला आवाज हाडांतून आधी पोचतो, कानातला किंचित उशिरा, आणि काही स्वर एकमेकांना खातात. माइकचं चॅनल मिक्सरवर डुप्लिकेट करा, दुसरं फक्त कानासाठी ठेवा आणि त्याची पोलॅरिटी (आवाजाच्या लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून बघा. काहींना लगेच आवाज भरतो, काहींना फरक पडत नाही. खर्च शून्य आहे.

मांडवात उतरण्याचं साउंडदादांचं मी मान्य करते. गर्दीत २.४ वर भरवसा नको. पण त्यासाठी यूएचएफचे पैसे जमेपर्यंत गायकाने मॉनिटरवर घसा फोडत राहायचं, हे पटत नाही.

---

साउंड_धुळे

मग मधला मार्ग घ्या. २.४ घेतला तरी स्टेजवरचा एक मॉनिटर काढू नका. गायकाच्याच ऑक्समधून, हळू आवाजात, चालू ठेवा. कान गप्प झाला तर एक इअरफोन काढून गाणं पुरं करता येतं. आणि ऑर्डर घेतानाच यजमानांना विचारा, गायक खाली उतरणार का? उतरणार असेल तर ट्रान्समीटर स्टेजवर नको, मांडवाच्या मधल्या खांबाला उंच बांधा आणि ऑक्सची केबल तिथपर्यंत न्या. केबल तीस मीटरची लागेल, बॅलन्स्ड (लांब अंतरावरही गुणगुण न पकडणारी) एक्सएलआरच.