९० बीपीएमचं रॅप १२६ च्या हाउसवर बसत नाहीये, काय करू?

बीटवाला_सातारा
मंडळी, दोन वर्षं घरीच एबलटन या म्युझिक सॉफ्टवेअरवर हाउस-टेक्नो (डान्स म्युझिक) करतोय, आता पहिल्यांदाच हिपहॉप ट्रॅकचा रीमिक्स घेतलाय. ओरिजिनल ९० बीपीएम (मिनिटाला ९० ठोके), माझा बीट १२६. व्होकल डीमक्सने (गाण्यातले आवाज सुटे करणारं टूल) वेगळा काढला पण स्पीड वाढवला की रॅपर धापा टाकतोय असं वाटतं आणि 'स', 'श' पाण्यातून आल्यासारखे येतात. वेग बदलायचे सगळे वॉर्प मोड बघून झाले, चार रात्री गेल्या. त्या आवाजात जो माज आहे ना त्यासाठीच हे गाणं घेतलं आणि नेमका तोच जातोय.

खर्ज_आणि_किक
मोडचा नाही रे, गणिताचा घोळ आहे. ९० वरून १२६ म्हणजे आवाज ४० टक्के पळवतोयस, तिथे काहीही लाव, तुटणारच. १७४ चा ड्रम अँड बेस (वेगवान ड्रमचा डान्स प्रकार) करून बघ. त्याचं निम्मं ८७, म्हणजे रॅप जेमतेम ३ टक्के हळू होतं, कानाला कळतही नाही, रॅपर आपल्या चालीत राहतो आणि खाली ड्रम दुप्पट पळतात.
हाउसच हवं असेल तर अख्खा व्हर्स (कडवं) घेऊ नको, एकच ओळ घे, शब्द सुटे काप, प्रत्येक शब्द मूळ वेगातच ठेव आणि फक्त मधली जागा कमी कर.
आणि प्लीज प्रत्येक अक्षर ठोक्यांच्या ग्रिडवर ओढू नको. चांगला रॅपर मुद्दाम बीटच्या केसभर मागे राहतो, माज तिथेच असतो! मी एकदा सगळं सरळ केलं तर तोच माणूस बातम्या वाचतोय असं वाटायला लागलं. एखादा 'ट' हायहॅटवर (ड्रमच्या झांजेवर) आदळत असेल तर व्होकल हलवू नको, ती हॅट काढ.

सुई_रेकॉर्डवर
ऑफिशियल अकापेला (संगीताशिवाय नुसता आवाज) शोधलास का आधी? हिपहॉपच्या बारा इंची सिंगल रेकॉर्डवर अकापेला, इन्स्ट्रुमेंटल द्यायची जुनी पद्धत आहे. रॅपर जे-झीच्या ब्लॅक अल्बमचं अकापेला बाहेर आलं म्हणून तर डेंजर माउस या प्रोड्यूसरने २००४ मध्ये ग्रे अल्बम केला, बीटल्सच्या १९६८ च्या व्हाइट अल्बममधला एकेक ठोका, एकेक तार सुटी करून त्याचे बीट बांधले. बीटल्सच्या रेकॉर्डिंगचे हक्क असलेल्या ईएमआयने नोटीस पाठवली, तर २४ फेब्रुवारीला कितीतरी साइट्सनी निषेध म्हणून तो दिवसभर फुकट डाउनलोडला ठेवला. आजही हेडफोन लावून ऐक, आवाजाखाली ड्रम कसे रचलेत ते बघ, मी अजून त्यातून शिकतोय.

मुलुंड_मोनो
अपलोड करण्याआधी एक लक्षात घे. गाण्याचे हक्क वेगळे, रेकॉर्डिंगचे वेगळे. आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ३१सी मध्ये कव्हरची वाट आहे पण ती नव्याने गाऊन रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी, मूळ आवाज उचलला की लेबलची (म्युझिक कंपनीची) परवानगी लागतेच. 'फक्त प्रमोशनसाठी' लिहून काही होत नाही, माझा एक रीमिक्स तसं लिहूनही पंधरा दिवसांत उडाला, तीन महिन्यांची मेहनत होती, फार लागलं मनाला. रीमिक्स कॉन्टेस्ट बघत जा, तिथे स्टेम्स (व्होकल, ड्रम वगैरेंचे सुटे ट्रॅक) रीतसर मिळतात.

बीटवाला_सातारा
सगळ्यांचे मनापासून आभार. ८७ ला टाकलं आणि पहिल्याच ओळीला अंगावर काटा आला, तोच माणूस परत आला. आणि दुसऱ्या व्हर्सआधी तो जो श्वास घेतो तो मी इतके दिवस नॉइज समजून कापत होतो, आता ड्रॉपच्या (बीट जोरात परत येतो तिथे) आधी ड्रम बंद करून तो एकटाच ठेवलाय. मुलुंड_मोनो, हा सध्या घरातच वाजवतो, लेबलला मेल लिहायला घेतलाय.