सल्ला हवा: सोळाजणांचा गोतावळा घेऊन क्रूझवर निघालोय, कुणाला त्रास न देता आणि स्वतः न दुखावता कसं राहायचं?

मंजिरी_सलाटवाडा

नमस्कार मंडळी. सासू-सासऱ्यांच्या लग्नाला डिसेंबरात ५० वर्षं होतायत. दीर, नणंदा, पोरंटोरं धरून आम्ही सोळाजण सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझवर जातोय. पिनांग आणि फुकेत. अहमदाबादहून विमानाची तिकिटंही झाली. त्यामुळे कुठली बोट, किती पैसे हा प्रश्न नाही. माझा प्रश्न वेगळा आहे आणि तो मांडताना मला जड जातंय.

तीन वर्षांपूर्वी मी आणि नवरा बडोद्यातल्याच एका ग्रुपबरोबर अशा क्रूझवर गेलो होतो. दुसऱ्या रात्री आमच्या मजल्यावर, केबिनबाहेरच्या बोळातच अंताक्षरी रंगली. सगळ्यांची दारं सताड उघडी, गालिच्यावर बसकण, मध्ये लीलो चेवडा. एक वाजला असेल. समोरचं दार उघडलं आणि सत्तरीच्या एक गोऱ्या बाई बाहेर आल्या. अंगात फिकट निळा गाऊन, एका पायात सपाता, दुसरा पाय तसाच अनवाणी. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "प्लीज, माझ्या नवऱ्याला बरं नाहीये, कालपासून झोप नाही त्यांना." आमच्यातला एकजण म्हणाला, "सुट्टीवर झोपायला आलोय का आपण?" आणि दोघं-तिघं हसले. मी तिथेच बसले होते. मी काही बोलले नाही. सकाळी नाश्त्याला त्या एकट्याच ताट घेऊन आल्या, तेव्हाही उठून माफी मागायचा धीर झाला नाही मला.

त्याच सफरीत लिफ्टपाशी एका माणसानं माझ्या नवऱ्यासमोर हात आडवा धरला आणि "तुम्ही लोक ना..." असं म्हणून वाक्य अर्धवट सोडलं. आम्ही रांगेतच होतो. या दोन्ही गोष्टी मला विसरता आलेल्या नाहीत.

आता घरातली वडीलधारी माणसं पहिल्यांदाच समुद्रावर येतायत. सासरे सगळ्यांना अभिमानानं सांगतात की सयाजीराव महाराज १८८७ सालीच बोटीनं युरोपला गेले होते, आपल्याला उशीर झाला. त्यांचा हिरमोड न करता त्यांना काय आणि कसं सांगू? कुणाला आपलं काय खटकतं? आणि समोरूनच कुणी अपमान केला तर काय करायचं?

अभय_दांडियाबाजार

मंजिरीताई, जेवणापासून सुरुवात करतो, कारण निम्मी कुरबुर तिथेच होते.

आपल्याकडे पंगतीत वाढणारा असतो आणि आग्रह असतो. बफेत ते दोन्ही नसतं. मग घरातली बाई काय करते, आजींसाठी, आजोबांसाठी, दोन नातवांसाठी मिळून एकाच ताटात रचून आणते. तिच्या दृष्टीनं ती माया असते. मागे उभ्या असलेल्याला मात्र एकच बाई बारा पुऱ्या उचलताना दिसते. आम्ही गेलो तेव्हा घरी आधीच ठरवलं होतं: चालता येतं त्यानं आपलं ताट आपण घ्यायचं, थोडं घ्यायचं, हवं तर पुन्हा जायचं. आईसाठी फक्त माझ्या बहिणीनं आणायचं. एवढ्यानं फार फरक पडला.

दुसरं, एका भांड्यातला चमचा दुसऱ्यात घालू नका. जैन मंडळींना ते चालत नाही हे आपल्याला बडोद्यात सांगावं लागत नाही. सिंगापूरच्या बोटीवर हलाल जेवणारे मलेशियन, इंडोनेशियन प्रवासीही भरपूर असतात, त्यांचाही तोच प्रश्न असतो. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर ते बुकिंगच्या वेळी लिहून द्या. ऐन वेळी काउंटरवर "कांदा-लसूण काढून द्या" म्हणून अडून बसलात की मागची रांग तुंबते.

आणखी एक. टेबलावर नुसतं टिश्यूचं पाकीट किंवा छत्री ठेवलेली दिसली तर ते टेबल रिकामं नाही. सिंगापुरात त्याला "चोप" करणं म्हणतात. तिथल्या खाऊगल्ल्यांत सगळे जागा अशीच धरतात. आमच्या काकांनी ते पाकीट बाजूला सारून बैठक मारली आणि पाच मिनिटांत एक अख्खं कुटुंब ट्रे घेऊन समोर उभं! काका म्हणत होते, "कागदावर कुणाचं नाव लिहिलंय का?" तिकडच्या मंडळींना वाटलं हा माणूस मुद्दाम करतोय. दोघंही आपापल्या परीनं बरोबर होते. मी माफी मागून काकांना उठवलं.

दर्यावर_नऊ_वर्षं

मी मूळचा बाबाजीपुऱ्यातला. नऊ वर्षं क्रूझवर नोकरी केली, आधी केबिनवर, मग डायनिंगमध्ये. कंपनीचं नाव घेत नाही. कामगाराच्या बाजूनं लिहितो, कारण ही बाजू प्रवाशांना दिसत नाही.

केबिन साफ करणारा मुलगा सहा ते नऊ महिन्यांच्या करारावर असतो. आठवड्याची सुट्टी नाही, रविवार नाही. सागरी कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय करार आहे, २००६ चा, २०१३ पासून लागू झालेला. त्यात २४ तासांत किमान १० तास विश्रांती द्यावी असं म्हटलंय. यावरून बाकीचे तास कसे जात असतील बघा. अशा माणसाला टिचकी वाजवून किंवा "ए, शुक शुक" करून बोलावतात तेव्हा ते फार लागतं. त्याच्या छातीवर नावाची पट्टी असते. आजींना सांगा, पहिल्या दिवशी नाव वाचायचं आणि नावानं हाक मारायची. चार दिवस बघा काय होतं ते.

आणि मराठीत बोललं तर त्यांना कळणार नाही, या भरवशावर राहू नका. आमच्यात गोव्याचे, रत्नागिरीचे, मुंबईचे कितीतरी. एकदा मी पाणी ओतत होतो आणि टेबलावरच्या बाई यजमानांना म्हणाल्या, "याचे हात बघा, कुठून उचलून आणतात हे लोक." मी ग्लास भरला, खाली ठेवला आणि "अजून काही हवंय का, काकू?" असं मराठीत विचारलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांना लाजवायला नव्हतं विचारलं मी. नऊ महिन्यांत घरचा शब्द कानावर पडला होता, तो असा.

टीपचं आधी बघून घ्या. अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर माणशी दिवसाला १६ ते २० डॉलरच्या आसपास रक्कम आपोआप बिलात लागते. सोळाजण, चार रात्री, म्हणजे हजार डॉलरच्या वर. तिकिटात धरली आहे का ते एजंटला लेखी विचारा. शेवटच्या रात्री गेस्ट सर्व्हिसेसपुढे, म्हणजे प्रवाशांच्या चौकशी-तक्रारींच्या काउंटरपुढे, ती रक्कम बिलातून वगळून घ्यायला जी रांग लागते, त्यात आपले लोक बघून मला अनेकदा वाईट वाटलंय.

किटली, इस्त्री, इंडक्शन शेगडी बॅगेत घालू नका. आपल्या मंडळींना खिचडीची आठवण येते हे मान्य. पण भर समुद्रात आगीसारखं संकट नाही, म्हणून सामान तपासताना ते काढून घेतात. संडासात कागदाशिवाय काहीही टाकायचं नाही, तिथली यंत्रणा हवेनं खेचून घेणारी असते आणि एका केबिनमधल्या डायपरनं शेजारच्या पाच केबिन बंद पडतात. जेट स्प्रे बहुधा नसतो, घरून पाण्याचा मग न्या.

सगळ्यात महत्त्वाचं, सुरक्षेची ड्रिल, म्हणजे संकटात कुठे जमायचं, काय करायचं याची तालीम. कृपा करून टाळू नका, हसण्यावारी नेऊ नका. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिल्यो बेटापाशी कोस्टा कॉन्कॉर्डिया आडवी झाली, ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ड्रिल झालेली नव्हती, कारण तेव्हा २४ तासांच्या आत घेतली तरी चालायची. त्यानंतर नियम बदलला, आता बोट सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या ती घ्यावीच लागते. सात छोटे भोंगे आणि एक लांब ही संकटाची खूण, हे पोरांकडून पाठ करून घ्या.

मूळची_बडोद्याची (आता हॅम्बुर्ग)

मंजिरी, त्या निळ्या गाऊनमधल्या बाईंचं वाचून मला भरून आलं. तू इतकी वर्षं हे मनात ठेवलंस, यातच सगळं आलं गं.

मी इथे बारा वर्षं आहे आणि भूमध्य समुद्रात दोन क्रूझ केल्या आहेत. सुरुवातीला जर्मन लोक मला फार उद्धट वाटायचे. लाल सिग्नल असताना रस्ता ओलांडला तर कुठलीही अनोळखी आजी थांबवून टोकते. हळूहळू कळलं, चूक तोंडावर सांगणं हे त्यांच्या लेखी नागरिकाचं कर्तव्य आहे, त्यात राग नसतो. तोच माणूस बोटीवर तुमच्या मुलाला "पळू नकोस" म्हणतो आणि आपल्याला वाटतं, हा कोण माझ्या मुलाला बोलणारा! इंग्रज नेमका उलटा. रांगेत घुसलात तर बोलणार नाही, मागे उभं राहून मोठ्यानं सुस्कारा टाकेल. त्याचा तो सुस्कारा म्हणजे आपल्याकडची शिवी समज. अमेरिकन लिफ्टमध्ये शिरताच कुठून आलात विचारतो, त्याला उत्तर दिलं नाही तर त्यालाच अपमान वाटतो.

आणि गडबड फक्त आपणच करतो असं मनात घेऊ नकोस. आमच्या शेजारच्या इटालियन कुटुंबाची लहान पोरं रात्री साडेबाराला बोळात चेंडू खेळत होती, आईबाप दारात उभे राहून कौतुकानं बघत होते. अगदी आपल्या वाड्यासारखं. पहाटे सहाला टॉवेल टाकून पोहण्याच्या तलावाकाठच्या खुर्च्या अडवायच्या आणि दहाला उगवायचं, यावरून ब्रिटिश आणि जर्मन लोकांची वर्षानुवर्षं जुंपलेली आहे. कार्निव्हल कंपनीनं तर २०१३ मध्ये नियमच केला, ४० मिनिटं माणूस फिरकला नाही की सामान उचलायचं.

घरच्यांना नुसते नियम सांगू नकोस, प्रत्येकाचं कारण सांग. बफेच्या दारात हात धुवायला लावतात, तेव्हा आपल्याकडच्या ज्येष्ठांना वाटतं आपल्यालाच अस्वच्छ समजतात. तसं नाही, सगळ्यांनाच लावतात. नोरोव्हायरसचे उलट्या-जुलाब एकाला झाले की बंद जहाजावर भराभर पसरतात आणि त्यावर सॅनिटायझर नीट चालत नाही, साबण-पाणीच लागतं.

रावपुरा_जुना

सगळं मान्य आहे, पण मला एक बोलायचंय. दरवेळी आपणच का समजून घ्यायचं? आमच्या सफरीत आम्हा दोन भारतीय कुटुंबांना चारही दिवस स्वयंपाकघराच्या दारालगतचं टेबल दिलं. खिडकीशेजारची टेबलं रिकामी दिसत होती. विचारलं तर "राखीव आहेत." आईला वाईट वाटू नये म्हणून मी गप्प राहिलो, पण पोटात आग होती. "तुम्ही लोक" म्हणणारा माणूस संस्कृतीच्या फरकामुळे तसं बोलत नाही, तो तुच्छतेनंच बोलतो. दोन्ही गोष्टी एका पारड्यात घालू नका.

दर्यावर_नऊ_वर्षं

रावपुरा काका, अगदी बरोबर आहे तुमचं. आतून पाहिलंय म्हणून सांगतो, गप्प राहिलात की ते टेबल चौथ्या दिवसापर्यंत तुमचंच राहतं. पहिल्याच रात्री जेवण झाल्यावर मुख्य वेटरला किंवा मेत्र दी म्हणतात त्या प्रमुखाला बाजूला घेऊन शांतपणे सांगायचं, "उद्या आम्हाला दुसरं टेबल हवं." टेबलं बदलणं हे त्यांचं रोजचं काम आहे.

प्रवाशानं अपमान केला तर तिथे वाद घालायचा नाही. वेळ, मजला, लिफ्ट कुठली, एवढं मोबाइलमध्ये टिपायचं आणि गेस्ट सर्व्हिसेसला जाऊन तक्रार नोंदवायला सांगायची. जागोजागी कॅमेरे असतात. धक्काबुक्की किंवा शिवीगाळ असेल तर सुरक्षा विभाग येतो आणि पुढच्या बंदरावर माणसाला उतरवायचा अधिकार कॅप्टनला असतो. पण आपणही आवाज चढवला तर नोंद दोघांचीही होते.

मंजिरी_सलाटवाडा

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी सगळ्यांना घरी सेव उसळ खायला बोलावलंय, तेव्हाच हे वाचून दाखवणार आहे. निळ्या गाऊनची गोष्ट मी स्वतः सांगेन, माझ्या तोंडून. आजवर घरात कुणाला सांगितली नव्हती.

दोन प्रश्न राहिले. गाण्यांशिवाय लग्नाचा पन्नासावा वाढदिवस सासूबाईंना चालणारच नाही, आणि त्या दिवशी दोघांना पन्नास दिव्यांनी ओवाळायचं मनात आहे. हे कसं जमवायचं? आणि औपचारिक पोशाखाच्या रात्री त्यांना नऊवारी नेसायची आहे, चालेल ना?

दर्यावर_नऊ_वर्षं

गाण्यांसाठी क्रूझ कंपनीला आजच ईमेल करा: लग्नाचा पन्नासावा वाढदिवस आहे, सोळाजण आहोत, संध्याकाळी दोन तास छोटी खोली किंवा लाउंजचा कोपरा मिळेल का. रिकामा असेल तर बहुधा देतात. दार लावून घ्या आणि पोटभर गा.

निरांजन, उदबत्ती, मेणबत्ती मात्र चालणार नाही. केबिनमधला धूर ओळखणारा सेन्सर लगेच वाजतो. मांडवीच्या बाजारात बॅटरीच्या पणत्या मिळतात, त्या पन्नास न्या. हळदकुंकू, अक्षता, सुपारी डबीत बंद करून न्या. बंदरावर उतरताना मात्र ते केबिनमध्येच ठेवा, अन्न-धान्य किनाऱ्यावर न्यायला बहुधा मनाई असते.

नऊवारी खुशाल नेसू द्या. आपापल्या देशाचा पारंपरिक पोशाख त्या रात्री चालतो. फक्त ड्रिलच्या वेळी साडी नको, पंजाबी ड्रेस घाला आणि पायात चप्पल नको, बूट घाला. जिने भराभर उतरावे लागतात.