भटक्या कुत्रीची नसबंदी: झायलाझिन-केटामाइन की प्रोपोफॉल?

धागाकर्ता:
शिबिरातली नेहमीची पद्धत: झायलाझिन (गुंगी आणून स्नायू सैल करणारं) १ मिग्रॅ/किलो आणि केटामाइन (भुलीचं औषध) १० मिग्रॅ/किलो स्नायूत, भूल उतरू लागली की पुन्हा केटामाइन. ही पद्धत आता सोडायला हवी. शुद्धीवर येताना कुत्री पाय झाडते, ओरडते, डोकं पिंजऱ्यावर आपटते, टाक्यांवर ताण येतो. झायलाझिन ०.५ मिग्रॅ/किलोवर आणून पुढे शिरेतून प्रोपोफॉल (लवकर चढणारं, लवकर उतरणारं भुलीचं औषध) द्या. शेवटी योहिंबिनने झायलाझिन उतरवता येतं आणि मागे केटामाइन उरलेलं नसतं.

प्रतिसाद १:
अजिबात पटलं नाही. प्रोपोफॉल वेदना थांबवत नाही. अंडाशयाचा बंध (अंडाशय जागेवर धरणारी पट्टी) ओढला की कुत्री हलते, मग आणखी प्रोपोफॉल जातं आणि श्वास थांबतो. एका डोसचा असर ५ ते १० मिनिटं. म्हणजे श्वासनलिकेत ट्यूब, ऑक्सिजन आणि फक्त श्वासावर नजर ठेवणारा माणूस हवाच. पत्र्याच्या शेडमधल्या शिबिरात यातलं काय असतं?

धागाकर्ता:
ट्यूब केटामाइनलाही हवी. झायलाझिनने उलटी होते, ती फुप्फुसात गेली तर? आणि श्वास बहुतेकदा थांबतो तो घाईमुळे. झायलाझिनने नाडी मंदावते, औषध मेंदूपर्यंत उशिरा पोचतं, आपण समजतो कमी पडलं. आधी झायलाझिन दिलं असेल तर प्रोपोफॉल निम्म्याहून कमी पुरतं. थोडं थोडं, ६० ते ९० सेकंदांत द्या. जबडा सैल पडला की थांबा. वेदनेसाठी आधी मेलॉक्सिकॅम ०.२ मिग्रॅ/किलो, बंधावर जागा बधिर करणारं लिग्नोकेन.

प्रतिसाद २:
तुम्ही केटामाइनला दोष देताय, पण आपटाआपट बऱ्याचदा योहिंबिन लवकर दिल्याने होते. झायलाझिन उतरलं की उरतं निव्वळ केटामाइन: ताठ स्नायू, कधी झटके. शेवटच्या केटामाइननंतर निदान ३०-४० मिनिटं थांबा, मग योहिंबिन ०.१ मिग्रॅ/किलो. भूल वाढवायची तर स्नायूत पुन्हा पूर्ण डोस नको. इंट्राकॅथ (शिरेत ठेवायची बारीक नळी) लावलेलं असू द्या. १० किलोला केटामाइन (५० मिग्रॅ/मिलि) १ मिलि आणि स्नायू सैल करणारं डायझेपाम (५ मिग्रॅ/मिलि) अर्धा मिलि एकत्र घ्या, त्यातलं एक तृतीयांश शिरेत. डोळे उघडे राहतात, मलम घाला. अंग गार पडलं तर कुठलंही औषध उशिरा उतरतं. ओल्या फरशीवर ठेवू नका.

प्रतिसाद १:
हे पटलं. प्रोपोफॉलवाल्यांनी एवढं तरी पाळा: ते चरबीचं मिश्रण आहे, त्यात जंतू झपाट्याने वाढतात. साध्या, परिरक्षक नसलेल्या प्रोपोफॉलची फोडलेली बाटली ६ तासांत टाकून द्या, दुसऱ्या दिवशीच्या शिबिराला नेऊ नका. ग्रेहाउंड जातीच्या कुत्र्यांत ते उशिरा उतरतं; त्याच ठेवणीच्या आपल्याकडच्या कारवानी जातीलाही मी तसंच धरून चालेन.