पॉइंट वाढतात, काम तेवढंच

अजाईल (सॉफ्टवेअर छोट्या छोट्या टप्प्यांत बनवायची पद्धत) म्हणजे नुसत्या मीटिंगा, असं काही जण म्हणतात. अर्धं पटलं. २००१ साली युटामधल्या स्नोबर्डला १७ जणांनी अजाईलचा जो जाहीरनामा लिहिला, त्यात स्टँडअप (टीमची रोजची छोटी मीटिंग), स्प्रिंट (कामाचा ठरावीक मुदतीचा टप्पा), स्टोरी पॉइंट (एका कामाचा, म्हणजे स्टोरीचा, आवाका सांगणारा अंदाजी आकडा) यांचा उल्लेखही नाही. ४ मूल्यं, १२ तत्त्वं, बस्स. बाकीचा पसारा स्क्रम, एक्सपी (एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग) वगैरे अजाईलच्या प्रकारांचा.

माझा खरा राग व्हेलॉसिटीवर आहे. टीमने एका स्प्रिंटमध्ये पूर्ण केलेल्या पॉइंटची ती बेरीज, पुढच्या स्प्रिंटमध्ये किती काम झेपेल याचा स्वतःपुरता अंदाज बांधायला. कंपनीतले वरिष्ठ त्यावरून दोन टीमची तुलना करायला लागले की संपलं! काल ३ पॉइंटची असलेली स्टोरी आज ५ ची होते. काम तेच, एक फिल्टर आणि दोन व्हॅलिडेशन. आलेख मात्र झकास वर चढतो आणि सगळे खूश.

स्टँडअपचंही तेच. १५ मिनिटांत आपापसात अडचणी सांगायच्या, तर मॅनेजरला हजेरी दिली जाते.

पण म्हणून वॉटरफॉलकडे (आधी सगळं ठरवून एकेक टप्पा क्रमाने संपवायच्या जुन्या पद्धतीकडे) परत जा, हे काही पटत नाही. आधी ऑटोमेटेड टेस्ट आणि सीआय (प्रत्येक बदल लगेच एकत्र जोडून आपोआप तपासणं) धड करा. ते नसेल तर दोन आठवड्यांच्या स्प्रिंटचे शेवटचे दिवस हाताने रिग्रेशन (नव्या बदलाने जुनं काही मोडलं नाही ना, याची तपासणी) करण्यातच जातात, आणि शिव्या मात्र अजाईलला.