फेरीत कळलेली झाडं एकटीने गेल्यावर ओळखता येत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पाऊस सुरू झाल्यापासून माहितगारांसोबत तीन जंगलफेऱ्या केल्या. सर बरोबर असतात तोवर सगळं कळतं. खोडावर हात ठेवून ते म्हणतात, 'हा ऐन.' मगरीच्या पाठीसारखी तडकलेली साल दिसते आणि पटतं. पण त्याच वाटेने एकटी गेले की दहातली तीन झाडंही ठामपणे सांगता येत नाहीत. फार मनापासून शिकायचंय, म्हणून विचारते आहे.

हाताला काही लागलं, ते पक्कं बसलंय. सागाचं कोवळं पान चुरगाळल्यावर बोटं लाल झाली, ते आता विसरणार नाही. काटेसावरीच्या खोडावरचे शंकूसारखे काटे आणि पंजासारखं पान, पळसाची तीन पानं, हेही जमतं.

अडतंय ते ऐन आणि किंजळपाशी. पान उलटं करून देठाजवळच्या दोन ग्रंथी, म्हणजे बारीक गाठी, बघा, असं सांगितलं होतं. मला तर त्या दोन्ही झाडांवर दिसल्या! फळांवरून फरक कळतो म्हणतात, पण आत्ता झाडावर एकही फळ नाही. दुसरं, काळा कुडा आणि पांढरा कुडा. दोघांचीही पानं समोरासमोर, दोघांनाही पांढरा चीक. शेंगा नसताना वेगळे कसे ओळखायचे?

पानांचे दोनेकशे फोटो काढलेत, पण घरी आल्यावर सगळी पानं सारखीच दिसतात. वहीत नेमकं काय टिपावं?

प्रतिसाद १

तुमचं निरीक्षण बरोबर आहे. ग्रंथी ऐनालाही असतात आणि किंजळलाही, त्यामुळे तेवढ्यावर निवाडा करू नका. आधी साल बघा. ऐनाच्या भेगा खोल असतात, किंजळची साल खरखरीत पण भेगा उथळ. मग खाली वाका. झाडावर फळ नसलं तरी बुंध्याशी गेल्या हंगामातलं वाळकं फळ पाचोळ्यात मिळतं. ऐनाच्या फळाला पाच पंख, साधारण सारखे. किंजळच्या फळाला तीन, त्यातला एक ठळक मोठा.

सुट्या पानाचा फोटो फारसा उपयोगी नाही. पूर्ण डहाळीचा काढा, म्हणजे पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, ते कळेल. संयुक्त पान, म्हणजे एकाच देठावर अनेक छोट्या पानांसारख्या पर्णिका असलेलं पान, ओळखायचं तर कळी शोधा. ती पूर्ण पानाचा देठ फांदीला जुळतो त्या बेचक्यात असते, पर्णिकेच्या नाही. इथेच बहुतेक जण चुकतात. वहीत साल, डहाळी, वास, चीक आणि खाली पडलेलं काय सापडलं, इतकं टिपलं तरी पुष्कळ.

एक मात्र सांभाळा. अनोळखी झाडाचा चीक बोटाला लावून बघू नका. बिब्ब्याने कातडीवर फोड येतात.

धागाकर्ती

खूप आभार! आज सकाळीच जाऊन आले. ओढ्याच्या वळणावर एक झाड आहे, मी त्याला पहिल्या फेरीपासून ऐन समजत होते. पाचोळा बाजूला केला तर अर्धवट कुजलेली, तांबूस तपकिरी, तीन पंखांची फळं मिळाली, एक पंख मोठा. किंजळच! मग पुन्हा सालीवरून हात फिरवला. भेगा खरंच उथळ आहेत.

कुड्यांचं अजून राहिलंय. नुसत्या पानांवरून वेगळे करणारं कुणी आहे का इथे?